यौवनलोपी ग्रंथी आणि लसीकापेशींचे गुरुकुल

नवजात बालकाच्या छातीचा क्ष-किरण फोटो प्रकाशपेटीवर लावला, की हृदयाच्या वरच्या अंगास एक रुंद, फिकट सावली दिसते. कधी तिची उजवी कड होडीच्या शिडासारखी बाहेर झेपावलेली असते. ही थायमस ग्रंथीची सावली होय. मराठी परिभाषेत या ग्रंथीस ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव आहे आणि ते अन्वर्थक आहे. जन्मसमयी सुमारे १५ ग्रॅम वजनाची ही ग्रंथी पौगंडावस्थेत ३० ते ४० ग्रॅमपर्यंत वाढते आणि नंतर हळूहळू चरबीत विरून जाते. मात्र जे लोपते ते बिनकामाचे, असा समज या लोपण्यामुळेच वैद्यकात दीर्घकाळ टिकला. आमच्या विद्यार्थिदशेत शवविच्छेदनाच्या मेजावर थायमसच्या वाट्याला अर्धे वाक्य आले होते आणि तेही ‘येथे पूर्वी असते’ एवढेच.

या अर्ध्या वाक्याची किंमत मी पुढे मोजली. बडोद्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. चार महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. तोंडात पांढरा थर, न हटणारा खोकला, जुलाब, वजन दोन महिने जागच्या जागी आणि बीसीजी टोचलेल्या बाजूच्या काखेत वाहू लागलेली गाठ. मी फोटो पाहिला, फुप्फुसांवरील डाग पाहिले आणि न्यूमोनियाचे निदान केले. मध्यभागी जी सावली असावयास हवी होती ती नव्हती, हे मला दिसलेच नाही. नसलेली वस्तू दिसण्यासाठी ती तेथे असते, हे आधी मनात पक्के असावे लागते. तो मुलगा वाचला नाही. त्याच्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा येतो. तत्पूर्वी ती सावली कशाची असते, हे सांगणे अवश्य आहे.

त्यातही प्रथम एका जुन्या चुकीविषयी, कारण ती माझ्या चुकीच्या अगदी उलट आहे. मी नसलेली ग्रंथी पाहिली नाही. आमच्या पूर्वसूरींनी निरोगी ग्रंथीला रोग मानले. झोपेत अकस्मात दगावलेल्या अर्भकांच्या शवविच्छेदनात थायमस ‘मोठी’ आढळे. १८८९ साली पाल्टाउफ याने या अवस्थेस एक भारदस्त लॅटिन नाव दिले आणि वाढलेली थायमस श्वासनलिका दाबून मुलाचा जीव घेते, ही समजूत ग्रंथांत रुजली. वस्तुतः तुलनेसाठी वापरलेली ‘प्रमाण’ ग्रंथीच खोटी होती. शवविच्छेदनास येणारी इतर प्रेते बहुधा गरिबांची, दीर्घ आजाराने व उपासमारीने झिजलेल्यांची असत आणि उपासमार व आजार यांनी थायमस झपाट्याने आक्रसते. आक्रसलेली ग्रंथी प्रमाण मानल्यावर धडधाकट मुलाची ग्रंथी मोठी भासणारच. उप्साला येथील हॅमर याने अपघाताने दगावलेल्या निरोगी व्यक्तींच्या ग्रंथी मोजून हा घोटाळा दाखवून दिला होता. तोपर्यंत उपचार मात्र सुरू झाले होते. १९०७ साली सिनसिनाटीच्या फ्रीडलँडर याने क्ष-किरणांनी अर्भकाची थायमस लहान करून दाखविली आणि पुढील चार दशके अमेरिकेत हजारो निरोगी मुलांच्या गळ्यावर व छातीवर किरणांचा मारा झाला. १९५० साली डफी व फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइडच्या कर्करोगाने पीडित मुलांचा पूर्वेतिहास तपासला, तेव्हा त्यांतील अनेकांना तान्हेपणी हा ‘उपचार’ मिळालेला होता. रॉचेस्टर परिसरातील अशा अडीच हजारांहून अधिक बालकांचा पुढे अनेक दशके मागोवा घेण्यात आला आणि निष्कर्ष तोच राहिला.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या संरक्षणव्यवस्थेतील लसीकापेशी, म्हणजे आपण डॉक्टर मंडळी ज्यांना लिम्फोसाइट म्हणतो त्या, दोन ठिकाणी घडतात: अस्थिमज्जेत आणि थायमसमध्ये. या दोहोंना प्राथमिक लसीका-अवयव म्हणतात. लसीकाग्रंथी, प्लीहा, टॉन्सिल हे सारे दुय्यम अवयव होत. तेथे पेशी काम करतात. त्यांची घडण मात्र झालेली असते या दोन ठिकाणी. सर्वांचा उगम एकच, रक्ताची मूलपेशी. गर्भावस्थेत ती यकृतात वस्ती करते आणि जन्माच्या सुमारास अस्थिमज्जेत स्थिरावते.

घडणीतील पहिले कोडे असे. जगात अद्याप न जन्मलेल्या विषाणूलाही ओळखू शकेल असा ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ओळख पटविणारे प्रथिन, आपल्या शरीरात आधीपासून कसा असतो? मानवाची एकूण जनुके विसेक हजार. ग्राही तर कोट्यवधी. १९७६ साली सुसुमु तोनेगावा यांनी याचे उत्तर दिले व त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या ग्राहीचे जनुक अखंड नसून तुकड्यांनी बनलेले असते. बी पेशीच्या जड शृंखलेसाठी सुमारे ४० ‘व्ही’, २३ ‘डी’ व ६ ‘जे’ तुकडे उपलब्ध असतात आणि प्रत्येक पेशी त्यांतून एकेक उचलून आपले जनुक स्वतः जोडते. केवळ एवढ्याने साडेपाच हजार जोडण्या होतात. सांध्यांवर एक विकर मनास येईल तशी काही अक्षरे भरते, शिवाय हलकी शृंखला निराळी जुळवली जाते, आणि विविधता गणनेपलीकडे जाते. ही कापाकापी करणाऱ्या विकरांना ‘रॅग-१’ व ‘रॅग-२’ अशी नावे आहेत. स्वतःचे डीएनए स्वतःच कापावयाचे, हा निसर्गाने पत्करलेला मोठाच धोका म्हटला पाहिजे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग याच अर्धवट घडलेल्या पेशींतून उद्भवतो, आणि सांध्यांत अक्षरे भरणाऱ्या त्या विकराचा शोध घेऊनच विकृतिशास्त्रज्ञ अशा पेशींची ओळख पटवितात.

बी पेशींच्या नावातील ‘बी’ची कथा रंजक आहे. पक्ष्यांच्या गुदमार्गाजवळ एक पिशवीवजा अवयव असतो. पाडुआच्या फॅब्रिशियसने त्याचे वर्णन केले; ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली प्रसिद्ध झाले. पुढे सव्वातीनशे वर्षे त्याचे कार्य कोणास उमगले नाही. ओहायो येथे ब्रूस ग्लिक याने कोंबड्यांच्या पिलांतील ही पिशवी काढून पाहिली. विशेष काही घडले नाही. त्याचा सहाध्यायी चँग यास विद्यार्थ्यांना प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवावयाचे होते, म्हणून त्याने त्यांतल्याच काही कोंबड्या उसन्या घेतल्या. प्रात्यक्षिक फसले, कारण त्या कोंबड्यांत प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. फसलेल्या प्रात्यक्षिकाचे कारण शोधता शोधता पिशवीचे कार्य उलगडले. एका मान्यवर विज्ञान-साप्ताहिकाने तो लेख नाकारला आणि १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला! सस्तन प्राण्यांत ही पिशवी नसते. तिचे काम आपल्याकडे अस्थिमज्जा करते.

अस्थिमज्जेत बी पेशीची परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. आधी जड शृंखला जुळवावयाची. ती निरर्थक निघाली तर पेशीचा तेथेच अंत. सार्थ निघाली, तर एका तात्पुरत्या हलक्या शृंखलेसह ती पृष्ठभागावर मांडून ‘जमले’ असा संकेत पेशीच्या आत पोहोचावा लागतो. हा संकेत नेणारे एक प्रथिन ज्या मुलांत सदोष असते, त्यांच्यात बी पेशी येथेच अडतात. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नसल्याचे दाखविले, ते याच दोषाचे पहिले वर्णन. जनुक हाती लागले १९९३ साली. संकेत पोहोचल्यावर पक्की हलकी शृंखला जुळते आणि मग दुसरी कसोटी लागते: हा ग्राही आपल्याच शरीराला तर चिकटत नाही ना? चिकटत असेल, तर पेशीला हलकी शृंखला पुन्हा जुळविण्याची संधी मिळते. म्हणजे अस्थिमज्जेच्या शाळेत फेरपरीक्षा आहे. थायमसमध्ये ती बहुतांशी नाही.

थायमसचे कार्य उघड झाले १९६१ साली, आणि तेही जाणूनबुजून नव्हे. लंडनमधील एका संस्थेच्या ग्रामीण शाखेत, घोड्यांच्या जुन्या तबेल्यातील प्रयोगशाळेत, जॅक मिलर हे तरुण संशोधक उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर काम करीत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांची थायमस काढली. प्रौढ उंदराची ग्रंथी काढली तर फारसे काही होत नसे, हे माहीत होते. पण ही पिले दूध सुटल्यावर खंगून मरू लागली. त्यांच्यात लसीकापेशी कमी होत्या आणि परक्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर लावली असता ती निमूटपणे रुजत होती. या ग्रंथीविना शरीर परके ओळखू शकत नाही, हे मिलर यांनी सांगितले; ते सहजी पटले नाही. पुढे दोन वर्षांनीही पीटर मेडावर यांच्यासारखे नोबेल विजेते थायमसमधील लसीकापेशींना उत्क्रांतीतील क्षुल्लक अपघात ठरवीत होते. पक्ष्यांवरील प्रयोगांतून मॅक्स कूपर यांनी दोन वेगळे वंश दाखविले, १९६८ साली मिलर व मिचेल यांनी ते उंदरांत सिद्ध केले, आणि मिलर व कूपर या दोघांना २०१९ साली लास्कर पुरस्कार मिळाला. मेडावर यांचा मोठेपणा यात कमी होत नाही; मोठ्या माणसाचे मत आणि पुरावा या दोन वस्तू भिन्न असतात, एवढेच मनाशी नोंदवावे.

या गुरुकुलात काय चालते? अस्थिमज्जेतून निघालेली पूर्वज पेशी रक्तावाटे थायमसमध्ये येते. तिच्या अंगावर अद्याप कोणतीच ओळखचिन्हे नसतात. ग्रंथीच्या बाह्यकात ती आपल्या ग्राहीची एक शृंखला, मग दुसरी जुळविते आणि ‘सीडी-४’ व ‘सीडी-८’ ही दोन्ही चिन्हे एकदम धारण करते. आता पहिली परीक्षा. टी पेशी जंतूला थेट ओळखत नाही. आपल्याच पेशी त्यांच्या पृष्ठभागावरील ऊतिसंगती प्रथिनांच्या तबकात प्रथिनांचे बारीक तुकडे ठेवून तिला दाखवितात. तबक आपले असेल तरच तिला त्यातील जिन्नस कळतो. झिंकरनागेल व डोहर्टी यांनी हे १९७४ साली दाखविले. म्हणून बाह्यकातील अस्तरपेशी तिच्यापुढे आपली तबके धरतात. जिचा ग्राही तबकाला हलकेच स्पर्श करू शकतो ती जगते. ज्यांना ते जमतच नाही त्यांना कोणी मारीत नाही. त्यांना जगण्याचा संकेत मिळत नाही, आणि तीन-चार दिवसांत त्या आपोआप मरतात. बहुसंख्य पेशी येथेच संपतात. तबक कोणत्या प्रकारचे जुळले, यावरून पेशी पुढे सीडी-४ ठेवणार की सीडी-८, हे ठरते.

उत्तीर्ण पेशी मध्यकात जाते. तेथील परीक्षा उलट आहे: आता जी फार घट्ट चिकटेल ती बाद. पण प्रश्न असा, की छातीतल्या या ग्रंथीत बसून पेशीला स्वादुपिंडातील इन्सुलिन, डोळ्यातील प्रथिने, अधिवृक्काची विकरे यांची ओळख कशी व्हावी? उत्तर विलक्षण आहे. मध्यकातील अस्तरपेशी ‘एअर’ नावाच्या एका प्रथिनाच्या साहाय्याने शरीरभरच्या हजारो प्रथिनांचे नमुने स्वतःच अल्प प्रमाणात बनवितात. जणू सबंध देहाचे एक छोटे संग्रहालय तेथे मांडलेले असते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातून फिरविले जाते. घरच्यांपैकी कोणावरही जो हात उगारेल, तो जिवंत बाहेर पडत नाही. हे जनुक १९९७ साली सापडले, ते एका दुर्मीळ कौटुंबिक आजाराच्या शोधातून. फिनलंड, सार्डिनिया व इराणी ज्यू समाजात आढळणाऱ्या या आजारात मुलांना आधी जुनाट बुरशी, मग परावटू ग्रंथीचा बिघाड आणि पुढे अधिवृक्काचा ऱ्हास गाठतो. म्हणजे संग्रहालयाचे दालन बंद, आणि नापास विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर!

उंदराच्या थायमसमध्ये रोज सुमारे पाच कोटी नव्या पेशी बनतात आणि बाहेर पडतात केवळ दहा ते वीस लाख. उरलेल्या तेथेच मरतात व भक्षकपेशी त्यांना गिळून टाकतात. एवढा अपव्यय निसर्ग क्वचितच करतो.

एवढे करूनही काही धोकादायक पेशी निसटतातच. तुम्हा-आम्हा सर्वांच्या रक्तात त्या आहेत. त्यांना आवरण्यासाठी थायमसच आणखी एक वर्ग तयार करते, नियामक टी पेशींचा. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या उंदरांत प्रतिकारशक्ती दुबळी होण्याऐवजी ती स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडते, हे जपानमध्ये १९६९ सालीच दिसले होते. त्या धाग्यावरून शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी ओळखल्या. २००१ साली ब्रंको व रॅम्सडेल यांनी त्यांच्याशी निगडित जनुक शोधले आणि या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक लाभले. थायमसच्या खिडकीतून आत आलेली ही विद्या आता मधुमेह, संधिवात व प्रत्यारोपण यांच्या दारात उभी आहे.

आपल्या नित्याच्या व्यवसायात या माहितीचे काय? बाह्यकातील दोन चिन्हांच्या पेशी स्टेरॉइडने झपाट्याने मरतात. तीव्र आजारात, भाजण्यात, उपासमारीत शरीराचेच स्टेरॉइड वाढते आणि ग्रंथी आक्रसते. कुपोषित बालकांत ती इतकी खंगते, की काही लेखकांनी त्याला ‘पोषणजन्य थायमस-छेदन’ म्हटले आहे. गोवराने कुपोषित मूलच का दगावते, या प्रश्नाचा एक धागा येथे आहे. सुदैवाने पोषण सुधारले की ग्रंथी पुन्हा भरते. याच स्टेरॉइड-संवेदनशीलतेमुळे थायमसच्या जागी गाठ घेऊन आलेल्या, धाप लागलेल्या मुलास दमा समजून स्टेरॉइड दिले, तर गाठ तात्पुरती विरघळते, पण ल्युकेमियाचे निदानही धूसर होते. फोटो आधी काढावा.

प्रौढांतील थायमस निरुपयोगी आहे, हा समजही आता डळमळला आहे. २०२३ साली बोस्टनहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. ती न काढलेल्या तुल्य रुग्णांत हे प्रमाण २.८ टक्के होते. कर्करोगाचे प्रमाणही दुप्पट, ७.४ विरुद्ध ३.७ टक्के. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यावरून कार्यकारणभाव ठरत नाही. मायस्थेनियासारख्या आजारात ग्रंथी काढल्याने लाभ होतो, हे २०१६ च्या चाचणीने सिद्धही झाले आहे. तेव्हा गरज असेल तेथे काढावी. वाटेत आली म्हणून काढू नये.

आता त्या मुलाकडे. थायमस नसण्याचे वा रिकामी असण्याचे प्रकार अनेक. गर्भातील ग्रसनीच्या तिसऱ्या कोष्ठापासून थायमस व खालच्या परावटू ग्रंथी एकत्र घडतात. म्हणून नवजाताला कॅल्शियम घटून झटके येत असतील आणि हृदयदोषही असेल, तर डायजॉर्ज यांनी १९६५ साली वर्णिलेला विकार आठवावा. याहून भयंकर तो ‘स्किड’, तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनता. यात टी पेशी घडतच नाहीत आणि विद्यार्थ्यांअभावी गुरुकुल ओस पडते. प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात बारा वर्षे जगलेला अमेरिकेतील डेव्हिड व्हेटर (१९७१–१९८४) याच विकाराचा रुग्ण होता. उपचार अस्थिमज्जा-रोपणाचा, पहिला यशस्वी प्रयोग १९६८ सालचा. उपचार केव्हा होतो यावर सारे अवलंबून आहे. २४० बालकांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, साडेतीन महिन्यांच्या आत रोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. जुळणारे भावंड नसताना, संसर्ग चालू असतानाच ज्यांचे रोपण झाले, त्यांतील निम्मेच वाचले.

ग्राहीचे जनुक जोडताना कापून टाकलेला डीएनएचा तुकडा वर्तुळाकार होऊन पेशीत पडून राहतो. नवजाताच्या टाचेच्या रक्ताच्या ठिपक्यात ही वर्तुळे मोजली, की थायमस काम करते की नाही ते कळते. विस्कॉन्सिन राज्याने २००८ साली ही चाचणी प्रत्येक नवजातासाठी सुरू केली. २०१८ अखेर ती सर्व अमेरिकाभर झाली. आपल्याकडे ती नित्याची नाही. परंतु साधा रक्ततपास प्रत्येक गावात होतो. एकूण श्वेतपेशींना लसीकापेशींच्या टक्क्यांनी गुणावे. तान्ह्या मुलात हा आकडा तीन हजारांखाली असेल, तर तो पुन्हा तपासावा आणि पुन्हा तसाच आला तर स्वस्थ बसू नये. टक्केवारी पाहून पुढे जाण्याची आपली सवय येथे घातक ठरते. नुसत्या फोटोवर विसंबू नये; आजारपणातही सावली आक्रसते. शंका असेपर्यंत बीसीजी, तोंडावाटे पोलिओ व रोटाव्हायरस या जिवंत लसी थांबवाव्यात. रक्त द्यावेच लागले तर ते किरणोत्सर्ग दिलेले असावे, अन्यथा दात्याच्या लसीकापेशी त्या मुलावर उलटतात. पुढील तपासण्या मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात.

आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, घरचा इतिहास विचारण्यापूर्वी. या विकाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आईकडून मुलग्याकडे येतो. म्हणून आता मी प्रसूतिगृहातच एक प्रश्न विचारतो: ‘बाळाला मामा किती?’ त्या चार महिन्यांच्या मुलाच्या घरी हा प्रश्न विचारण्याचे मला सुचले, तेव्हा उशीर झाला होता. मुलाच्या आजीने, आईच्या आईने, पदर सावरत सांगितले, ‘दोन झाले होते डॉक्टर, पण वर्षाचे होण्याआधीच गेले दोघेही. तोंडात असेच पांढरे पांढरे यायचे त्यांच्या.’